विस्मरणाचा पाल्हाळ : मराठी दैनंदिन मालिकांविषयी

वाईट कलाकृतीने कोणी निराश होत नाही. तिच्याकडे पाठ फिरवून रसिक मोकळा होतो. निराशा पदरी येते ती आशा दाखवून मागे फिरणाऱ्या कृतीमुळे. मराठी दूरचित्रवाणीवरील दैनंदिन मालिकांविषयी जी तक्रार गेली वीस-पंचवीस वर्षे घरोघरी ऐकू येते, ती नीट पाहिली तर या दुसऱ्या प्रकारची आहे. “सुरुवातीला किती चांगली होती!” हे त्या तक्रारीचे ठरलेले वाक्य. त्यात दोष आहे, तसा गौरवही आहे. आरंभी काही चांगले होते, ते पाहणाऱ्याने ओळखले होते आणि पुढे ते कोठे तरी हरवले, अशी ही साक्ष आहे. समीक्षेने आजवर या मालिकांना विचारात घेण्याजोगे मानलेले नाही. परंतु ही साक्ष खरी असेल तर जे हरवले ते काय आणि ते कशामुळे हरवले, हा प्रश्न वाङ्मयीन आहे. त्याचे उत्तर केवळ करमणुकीच्या सदरात शोधून भागणार नाही.

महाराष्ट्राबाहेर हे वाक्य अधिक कळवळ्याने उच्चारले जाते. जबलपूरचा सराफाच घ्यावा. कमानिया द्वार, बडा फुहारा आणि कोतवाली यांच्या परिसरातील ही जुनी पेठ. दिवसभर येथील व्यवहार हिंदीत चालतो, आणि तीही बुंदेली वळणाची. या शहरात मराठी माणूस मात्र नवा नाही. गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी घेतले. १७९८ च्या सुमारास हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला. पुढे नागपूर ही ज्याची राजधानी होती त्या प्रांतात जबलपूर दीर्घकाळ होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि जबलपूर नव्या मध्यप्रदेशात राहिले. त्या दिवसापासून येथील मराठी कचेरीतून घरात आली, आणि घरातही हळूहळू वडीलधाऱ्यांच्या खोलीपुरती उरली. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण त्या काळचे त्याचे प्रक्षेपण एवढ्या दूर पोहोचण्यासारखे नव्हते. १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ ही, पुढे ‘झी मराठी’ झालेली, उपग्रहवाहिनी आली. आणि सराफ्यातील एखाद्या मराठी घरात, दुकानाची फळी लागण्याच्या सुमारास, मराठी बोलणारी चार अनोळखी माणसे रोज नेमाने येऊ लागली. आजीला ती सोबत होती, तर नातवंडांच्या कानावर घराबाहेरची मराठी पडण्याचा तो जवळजवळ एकमेव मार्ग होता. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला एक मालिका बिघडली तर नाटक आहे, पुस्तक आहे, शेजारीपाजारी आहेत. सराफ्यातील घराला मात्र त्या बिघाडाची किंमत पुरेपूर मोजावी लागते.

आशा कशाने उत्पन्न होते, हे प्रथम पाहिले पाहिजे. दोन ठळक उदाहरणे पुरेत. ऑगस्ट २०१६ मध्ये ‘माझ्या नवऱ्याची बायको’ सुरू झाली. अनिता दाते यांनी साकारलेली राधिका ही नागपूरकडची बाई मुंबईच्या सुखवस्तू वस्तीत संसार करते. तिची बोली, तिचे राहणे आणि तिचा भाबडेपणा यांची तिच्या नवऱ्याला, गुरुनाथला, लाज वाटते, आणि तो शनाया नावाच्या तरुणीत गुंततो. विषय जुनाच होता. नवी होती ती राधिकेची भाषा. ‘काय करून राहिली’ या वळणाचे मराठी दूरचित्रवाणीवर तोवर नोकराचाकरांच्या किंवा विनोदी पात्रांच्या तोंडी असे. ते नायिकेच्या तोंडी आले, आणि एका घरातील बेबनाव दोन मराठींमधला, दोन संस्कृतींमधला बेबनाव झाला. ज्या जबलपुरी घरांची मराठी पुण्यापेक्षा नागपूरला जवळची आहे, तेथे राधिका आपलीच वाटली यात नवल नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये आलेली ‘आई कुठे काय करते’ ही मालिका लीना गंगोपाध्याय यांच्या त्याच वर्षीच्या ‘श्रीमयी’ या बंगाली मालिकेचे मराठी रूप होय. याच मूळ मालिकेवरून जुलै २०२० मध्ये हिंदीत ‘अनुपमा’ आली. अशा रूपांतरात कथानक सहज येते, माणूस मात्र नव्या भूमीत पुन्हा रुजवावा लागतो. मराठी रूपांतराच्या आरंभीच्या भागांत ते घडले होते. मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती ही कोणत्याही मराठी घरात पहाटे उठून रात्री सर्वांच्या शेवटी जेवणारी बाई होती. संसारात बुजलेले तिचे गाणे, मुलांना वाटणारा तिच्या अडाणीपणाचा संकोच, पंचवीस वर्षांच्या संसारात तिला कोणी काही विचारलेच नाही ही गोष्ट, हे सारे लहानसहान प्रसंगांतून साकारले होते. मिलिंद गवळी यांचा अनिरुद्ध तर त्याहून धोक्याचा, कारण तो खलपुरुष नव्हता. चारचौघांत वागावे तसा वागणारा, आईवडिलांना मानणारा आणि पत्नीला मात्र गृहीत धरणारा असा तो मनुष्य अनेक प्रेक्षकांना आपल्याच घरात दिसला असेल. मालिकेच्या नावात दडलेला प्रश्न त्या घराला खरोखरच विचारला जात होता.

पुढे काय झाले ते प्रेक्षक जाणतात. राधिकेची मालिका मार्च २०२१ पर्यंत, म्हणजे साडेचार वर्षे चालली; अरुंधतीची नोव्हेंबर २०२४ पर्यंत, जवळजवळ पाच वर्षे. मूळ बंगाली मालिका डिसेंबर २०२१ मध्येच, अडीच वर्षांत संपली होती. ‘पाणी घालतात’ हा लोकांचा शब्द येथे समर्पक आहे. परंतु त्याने दोषाचे वर्णन होते, उलगडा होत नाही.

दोषाचे एक कारण सर्वांना ठाऊक आहे आणि ते खोटेही नाही. दैनंदिन मालिका आठवड्यातून पाच किंवा सहा दिवस दाखविली जाते. नियमाने तासाला १२ मिनिटे जाहिरातींना मुभा असल्याने, आणि आदल्या दिवशीच्या प्रसंगाची उजळणीही त्यात येत असल्याने, अर्ध्या तासात कथेच्या वाट्याला वीस-बावीस मिनिटे येतात. तरीही सहा दिवसांच्या हिशेबाने वर्षाकाठी शंभराहून अधिक तासांचे नाट्य लिहावे लागते. अडीच तासांच्या नाटकाचे माप लावले तर ही चाळीसहून अधिक नाटके झाली, आणि तीही एका वर्षात. एवढे लेखन एका हाताने होणे कठीण, म्हणून कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे अशी वाटणी होते. त्यावर दर आठवड्याला प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात, आणि ज्या पात्रामुळे आकडा वाढला त्याला पुढल्या आठवड्यात अधिक जागा मिळते. अशा कारखान्यात कलाकृती कशी घडावी, असा प्रश्न निर्माते विचारतात आणि प्रेक्षकही मान डोलावतात.

तथापि हे उत्तर अपुरे आहे. हप्त्याहप्त्याने कथा सांगणे आणि ती लांबविणे या गोष्टी मराठीला नव्या नाहीत. हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी त्यातून क्रमशः प्रसिद्ध केली. आठवड्याचा अंक भरण्याची निकड त्यांनाही होती. त्यांच्या लेखनातील पाल्हाळ टीकाकारांनी वेळोवेळी दाखविला आहे, आणि त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. तरीही यमूची कहाणी वाचताना वाचकाची फसवणूक झाल्याची भावना होत नाही. कारण यमू जे सोसते ते तिच्यात साठत जाते. माहेरी पाहिलेला बापाचा धाक ती सासरी विसरत नाही. मैत्रीण दुर्गीचे हाल तिच्या मनात घर करून राहतात. मुंबईत पतीच्या सहवासात लाभलेल्या थोड्या मोकळ्या दिवसांचे सुख पुढील वैधव्याला अधिक दारुण करते. पाल्हाळ आहे, पण तो स्मरणाचा पाल्हाळ आहे. प्रत्येक हप्ता आधीच्या हप्त्यांचे ओझे घेऊन येतो.

गती आणि वेग यांत जी गल्लत होते, तिचा उगम येथेच आहे. मालिका संथ आहे हा आक्षेप खरे पाहता आक्षेपच नव्हे. ख्यालगायनातील विलंबित लय संथ असते आणि तरीही श्रोता तीत गुंतून राहतो, कारण प्रत्येक आवर्तन समेवर येणार हे त्याला ठाऊक असते आणि प्रत्येक वेळी समेवर येताना राग थोडा अधिक उलगडलेला असतो. विलंबित लय ही एक शिस्त आहे. विलंब हा केवळ चालढकलीचा प्रकार आहे. मर्ढेकरांनी सौंदर्याच्या मुळाशी संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे मानली. त्यांच्या विवेचनाशी कोणाचे कितीही मतभेद असोत, मालिकेपुरते एक सत्य त्यातून हाती येते. येथे विरोध अखंड चालू असतो, समतोलाकडे मात्र तो कधीच जात नाही. त्यामुळे तो विरोधही उरत नाही; त्याची नुसती सवय होऊन जाते.

हीच गोष्ट भरताच्या परिभाषेत अधिक नेमकेपणाने सांगता येते. नाट्यकार्याच्या पाच अवस्था नाट्यशास्त्राने सांगितल्या आहेत : आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति आणि फलागम. तिसरी अवस्था ही फळ मिळेल अशी आशा वाटण्याची. तिच्याशी निगडित असलेल्या गर्भसंधीत इष्ट वस्तू हाती येते, निसटते आणि तिचा पुन्हा शोध सुरू होतो. प्रेक्षकाला खिळवून ठेवण्याचे सामर्थ्य याच टप्प्यात सर्वाधिक असते, हे भरताने जाणले तसे वाहिन्यांनीही जाणले. फरक एवढाच, की भरताच्या दृष्टीने हा वाटेवरचा मुक्काम होता, आणि मालिकेने तेथेच बिऱ्हाड केले. सत्य कळणार एवढ्यात दूरध्वनी वाजतो. पुरावा हाती येतो आणि हरवतो. दाराआड कोणीतरी ऐकत उभे असते. चौथी अवस्था, जीत अडथळ्यांचा विचार करून माणूस निश्चयाला येतो, ती मालिकेला परवडत नाही. निश्चय झाला की फलागम आला, आणि फलागम आला की मालिका संपली.

गतीचा दोष आणि पात्रांचा दोष हे दोन दोष नाहीत, ते येथे ध्यानात येते. पात्र म्हणजे त्या व्यक्तीने केलेल्या निश्चयांची साठवण. माणसाने एक गोष्ट ठरविली, तिचे परिणाम भोगले आणि त्या भोगण्याने तो पुढल्या प्रसंगी निराळा वागला, म्हणजे स्वभाव घडतो. ज्या कथेत निश्चयालाच बंदी आहे तिच्यात स्वभाव घडणार कोठून? मग कथानक पुढे गेल्याचा भास व्हावा म्हणून पात्रांना एक विलक्षण रोग जडविला जातो, तो विस्मरणाचा. राधिका एक धडा शिकविते, गुरुनाथ खजील होतो आणि पुढच्या महिन्यात सारे विसरून पुन्हा तेथेच उभा राहतो. तोच प्रसंग नव्या कपड्यांत येतो. शनायाची भूमिका रसिका सुनील, मग ईशा केसकर आणि पुन्हा रसिका सुनील अशी हातोहात फिरली, तरी कथेत काही अडले नाही. अभिनेत्रींचे कौशल्य येथे वादाचा विषय नाही. पात्रालाच भूतकाळ नसल्यामुळे चेहरा बदलल्याने त्याचे काही हरवण्यासारखे नव्हते, हे मात्र त्यावरून दिसते.

राधिकेचे तर याहून मोठे नुकसान झाले. तिला विजयी करावयाचे म्हणून तिला मसाल्यांच्या उद्योगातून कोट्यवधींची मालकीण करण्यात आले. सामान्य बाईने उद्योग उभारू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु भांडवल, कामगार, बाजार, अपयश या कशाचाही प्रत्यय न देता हे वैभव आले. तिचा मूळ प्रश्न, म्हणजे आपली बोली आणि आपले माणूसपण जेथे हिणविले जाते त्या घरात कसे उभे राहावे हा प्रश्न, संपत्तीने झाकून टाकला. तिची नागपुरी बोलीही पुढे आशयाशी निगडित न राहता अंगावर मिरविण्याचा दागिना झाली. सराफ्यात सोन्याचा दर त्याच्या कसावर ठरतो, चकाकीवर नव्हे. दूरचित्रवाणीच्या पेठेत ही रीत उलटी दिसते.

अरुंधतीची शोकांतिका अधिक सूक्ष्म आहे. तिला एक निश्चय करू दिला गेला होता. पतीचे दुसरे नाते कळल्यावर ती अखेर घटस्फोट घेऊन बाहेर पडली, आणि त्या टप्प्यावर ही मालिका मराठी दूरचित्रवाणीच्या चाकोरीबाहेर पाऊल टाकीत होती. मध्यमवयीन स्त्रीने एकटीने, आपल्या गाण्याच्या बळावर जगू पाहणे यात एका स्वतंत्र कथेचे बीज होते. परंतु मालिकेचे घर ‘समृद्धी’ हेच होते, आणि कथा त्या घरातून हलावयास तयार नव्हती. त्यामुळे या ना त्या निमित्ताने, कधी मुलांच्या संकटासाठी तर कधी सासू-सासऱ्यांसाठी, अरुंधतीला पुन्हा पुन्हा त्याच दिवाणखान्यात आणून उभे करणे भाग पडले. आशुतोषशी तिचा पुनर्विवाह झाला, आणि मग अपघाती मृत्यूने त्यालाही कथेतून उचलले गेले. ज्या घटनेने एक आयुष्य उलटेपालटे व्हावे ती येथे पटावरील सोंगटी हलविण्यासारखी घडते. अनिरुद्धाविषयीही तेच. ज्याचे साधेपण हे त्याचे सामर्थ्य होते, तो पश्चात्ताप आणि दुष्टावा यांच्या हेलकाव्यांत इतक्यांदा सापडला की त्याचा पश्चात्ताप खरा वाटेना आणि दुष्टावाही खरा वाटेना. संजना मात्र अखंड कामात. नायिकेला निश्चय करता येत नाही तेव्हा कथा चालविण्याचे सारे श्रम प्रतिनायिकेवर येऊन पडतात. मराठी मालिकांत कारस्थानी बायकांची एवढी गर्दी का, याचे कारण लेखकांच्या स्त्रीविषयक दृष्टीत जितके आहे तितकेच या रचनेच्या अडचणीत आहे.

मग लांबी छाटली की दोष जाईल काय? तसेही नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये सुरू झालेली ‘तुला पाहते रे’ वर्षाच्या आत, जुलै २०१९ मध्ये संपली. सुबोध भावे यांनी साकारलेला प्रौढ उद्योगपती विक्रांत सरंजामे आणि गायत्री दातार यांची वीस-एकवीस वर्षांची ईशा यांच्या प्रेमाची ती कथा होती. वयातील आणि वर्गातील एवढे अंतर असलेल्या दोघांनी एकत्र यावे काय, आले तर कोणाचे काय पणाला लागते, मुलीच्या आईबापांची भीती कितपत रास्त, असे कितीतरी प्रश्न आरंभी समोर ठेवले होते. वेगाचा तुटवडाही नव्हता. पण उत्तरार्धात विक्रांत हा कपटी ठरला, आणि ईशा ही त्याच्या मृत पत्नीचा, राजनंदिनीचा, पुनर्जन्म निघाली. पुनर्जन्म कथेत वर्ज्य आहे असे नव्हे. बाणभट्टाची ‘कादंबरी’ त्यावरच उभी आहे. परंतु येथे पुनर्जन्माने ईशेला स्वतःचा निर्णय घेण्यापासून मुक्त केले. प्रेमात पडली ती ईशा, आणि सूड घेतला तो राजनंदिनीने. निश्चय टाळण्यासाठी एरवी विस्मरण वापरले जाते. या मालिकेने गतजन्माचे स्मरण वापरले. साधन उलट, परिणाम एकच.

काळ कथेच्या ताब्यात नसला म्हणजे तो दोन्ही बाजूंनी अन्याय करतो. ‘होणार सून मी ह्या घरची’ या लोकप्रिय मालिकेत जान्हवीचे गरोदरपण इतके लांबले की तो थट्टेचा विषय झाला. निसर्गाने घातलेली मुदतसुद्धा तेथे पाळली गेली नाही. याच्या अगदी उलट अनुभव ‘सावित्रीजोती’ या मालिकेचा. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांच्या जीवनावरील ही मालिका जानेवारी २०२० मध्ये आली आणि पुरेशा प्रेक्षकसंख्येअभावी त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिला निरोप द्यावा लागला. जेथे दोन माणसे निश्चयामागून निश्चय करीत होती, आणि प्रत्येक निश्चयाची किंमत मोजीत होती, तेथे काळ पुरला नाही. जेथे कोणी काही ठरवीत नव्हते तेथे तो उरला. याचे खापर केवळ वाहिन्यांवर फोडून प्रेक्षकाला सुटता येणार नाही. आकडे अखेर त्याच्याच घरातून जातात.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे न्याय्य होईल. मालिका ही कलाकृती नसून सोबत आहे, असे कोणी म्हणेल. संध्याकाळी एकट्या बसलेल्या वृद्ध स्त्रीला कथेची परिणती नको असते. ओळखीचे चेहरे हवे असतात, आणि ते काल होते तसेच आज असावेत अशीच तिची इच्छा असते. हा आक्षेप हलका नाही. स्थिर पात्रांची करमणूक मराठीने मनापासून अनुभवली आहे. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरून मुंबई दूरदर्शनने १९७० च्या दशकात सादर केलेल्या मालिकेतील दिलीप प्रभावळकर यांचे चिमणराव आणि बाळ कर्वे यांचे गुंड्याभाऊ हे पहिल्या भागात होते तसेच पुढेही राहिले, आणि त्याबद्दल कोणी कुरकुर केली नाही. परंतु तेथे प्रत्येक भाग आपल्या ठायी पुरा होता. चिमणरावांनी बदलण्याचे वचन कधी दिलेच नव्हते, आणि तसेच असणे हा त्यांच्या विनोदाचा पाया होता. अरुंधतीची कथा बदलाच्या वचनावर उभी होती. वचन देऊन न पाळणे आणि वचनच न देणे यांत अंतर आहे. शिवाय सोबत म्हणून पाहिले तरी, काल सांगितलेले आज ज्याच्या लक्षात नाही त्याची सोबत किती काळ गोड लागणार? सराफ्यातील आजी मालिकेतील माणसांची सारी नातीगोती, त्यांचे अपमान, त्यांच्या शपथा ध्यानात ठेवते. विसरतात ती माणसे. स्मरणाचे सारे काम प्रेक्षकावर सोपवून पात्रांनी मोकळे राहावे, हा या व्यवहारातील खरा अन्याय आहे.

त्या घरातील नातवंडांच्या वाट्याला काय येते, याचाही विचार केला पाहिजे. हिंदीच्या सतत सहवासाने त्यांच्या तोंडी ‘मला मदत कर’ ऐवजी ‘माझी मदत कर’ बसलेले असते. मालिका हे वळण सरळ करील असे वाटावे, तो मालिकेतील पात्रेही ‘माझी मदत कर’ म्हणताना ऐकू येतात. परंतु व्याकरणाची चूक ही लहान चूक होय. ती घरच्या घरी दुरुस्त करता येते. मोठी हानी निराळी. जी भाषा मूल शाळेत शिकत नाही आणि बाजारात ऐकत नाही, त्या भाषेत माणसे काय काय करू शकतात याची कल्पना त्याला या कथांवरूनच येणार. त्या भाषेत माणसे कट करतात, दाराआड ऐकतात, रडतात आणि क्षमा मागतात. पण विचार करून काही ठरवीत नाहीत, चूक कबूल करून बदलत नाहीत, एखादे काम शेवटास नेत नाहीत, असे चित्र वर्षानुवर्षे त्याच्यापुढे उभे राहिले तर ती भाषा आपल्या गंभीर आयुष्याची नव्हे असे त्याने ठरवावे, यात त्याचा काय दोष? भाषा टिकविण्याच्या प्रतिज्ञा संमेलनांतून होतात. तिचे आयुष्य ठरते ते तीत जगण्याजोगी माणसे भेटतात की नाही यावर.

उपाय फार अवघड आहे असे नाही. शेवट ठरवून सुरू झालेल्या कथा मराठी दूरचित्रवाणीने पाहिल्या आहेत; २०१२ मधील ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ वर्षाच्या आत आपली गोष्ट सांगून थांबली आणि आजही लोक तिची आठवण काढतात. लांबी किती असावी हा प्रश्न दुय्यम आहे. कथेचा काळ कथेनेच ठरवावा, आणि पात्राने भोगलेली कोणतीही गोष्ट पुढल्या भागात वाया जाऊ नये, एवढी दोन पथ्ये पाळली तर पाचशे भागही अधिक वाटणार नाहीत. ती पाळली नाहीत तर पन्नासही जड होतील. मराठी मालिकांनी आरंभ करण्याची कला निःसंशय हस्तगत केली आहे. राधिका, अरुंधती आणि ईशा या तिघींचा पहिला महिना त्याची साक्ष देतो. त्या तिघींनी एकेक प्रश्न विचारला होता, आणि सराफ्यातल्या घरापासून साऱ्या मराठी घरांनी तो कान देऊन ऐकला होता. उत्तर चुकले असते तरी चालले असते. विचारणारीलाच आपला प्रश्न आठवेनासा झाला, ही या मालिकांची खरी निराशा होय.